खा म्हटल्याशिवाय

जमादाराला घरी आणण्यात लिंबाजीचा फायदा तीन ठिकाणी होता. एक, रानडुकरं. चारठाण्याच्या बाजूला माळाला लागून त्याचं चार एकर रान. हरभऱ्याला घाटे धरले की तिथं डुकरांची पंगत बसायची. दोन, झोप. कुत्रं आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीवर, राखणीला राहिलं तर लिंबाजीला घरच्या बाजेवर पाठ टेकता येणार. आणि तीन, हा फायदा त्यानं कुणाला सांगितला नव्हता: आपल्या रानातून हुसकलेली डुकरं धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून भुजंगच्या रानात शिरणार. भुजंग त्याचा शेजारी, धुऱ्याला धुरा लागून, आणि धुरा म्हटला की हातभर मातीचं भांडण आलंच. म्हणजे एकाच कुत्र्यात राखणही झाली आणि सूडही. बदल्यात काय द्यायचं? दोन वेळची भाकर, तीही शिळी. लिंबाजीला सौदा पटला.

लिंबाजीचा स्वभावच तसा. देवाला नारळ फोडला तर अर्ध्यापेक्षा जास्त खोबरं माघारी आलं का, हे आधी बघणार आणि मग हात जोडणार. त्याचं कुणी काही केलं तर तो आभार मानत नसे. यात ह्याचा काय डाव असंल, याचा विचार करत बसे. एकुलती पोरगी सेलूला दिलेली. घरात तो आणि सुमनबाई, दोघंच. चौतीस वर्षं सुमनबाईच्या हातचं जेवला, पण ‘चांगलं झालंय’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून एकदाही पडले नव्हते. आळणी झालं की मात्र लगेच कळायचं.

कुत्र्याच्या नावामागंही त्याचं गणित होतं. निजामाच्या राजवटीत त्याच्या आज्याला कुण्या जमादारानं भर चावडीत चाबकानं फोडलं होतं. “आता रोज म्हणायचं, ये रे जमादारा, भाकर खा,” लिंबाजी म्हणाला. “आज्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटंल.”

जमादाराला त्यानं एकच विद्या शिकवली. समोर भाकर ठेवायची, हातात काठी धरायची, आणि ‘खा’ म्हटल्याशिवाय तोंड लावू द्यायचं नाही. कारण कुणीही तुकडा टाकून राखणदार फितवू शकतो. साठ वर्षं स्वतः जे पाळलं तेच त्यानं कुत्र्याला शिकवलं: कुणाच्या हातचं खायचं नाही, कुणावर भरवसा ठेवायचा नाही. जमादारानं विद्या पूर्ण घेतली, पण निम्मीच समजून घेतली. दुसऱ्याच्या हातचं तो खाईना, हे खरं. पण लिंबाजीवर त्यानं जो भरवसा टाकला, तो कुणी शिकवला नव्हता. भाकर समोर पडली की तो भाकरीकडं बघत नसे. लिंबाजीच्या तोंडाकडं बघत बसे, शेपूट जमिनीवर आपटत. आणि खाऊन झालं की हळूच येऊन लिंबाजीच्या पावलावर हनुवटी टेकवून पडे.

“आणखी मागायलाय,” लिंबाजी पाय ओढून घेत म्हणे.

“पोट भरल्यावर कोण मागतं?” सुमनबाई चुलीपुढून विचारी. “तुमाला मागणाराच तेवढा वळखू येतो.”

एवढ्यावर सगळं बरं चाललं होतं. मग भुजंगची म्हैस पिसाळली.

आदल्याच आठवड्यात भुजंगनं आईचं वर्षश्राद्ध घातलं होतं. त्याच म्हशीच्या दुधाची खीर, त्याच म्हशीचा मठ्ठा, आणि सगळं गाव पंगतीला. लिंबाजीसुद्धा, धुऱ्याचं भांडण वेगळं, मठ्ठा वेगळा. दोनदा वाटी भरून घेतली होती त्यानं. आता ती म्हैस तोंडाला फेस आणून डोकं खुंट्यावर आपटायला लागली, आणि चौथ्या दिवशी मेली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, पिसाळलेलं काहीतरी चावलंय. दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या रस्त्याला जेवढ्या जीपा होत्या तेवढ्या भरून गाव सरकारी दवाखान्यात. डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते की उकळलेल्या दुधानं काही होत नाही. पण ज्यानं मठ्ठा प्यालेला त्याला उकळीचं काय सांगता? एका म्हाताऱ्यानं तर दंड पुढं करून विचारलं, “मी तीन वाट्या पेलो, मला तीन सुया का?” लिंबाजी रांगेत मागं उभा होता. तो म्हणाला, मी एकच.

सुमनबाईचं मात्र वेगळं होतं. त्याच दिवशी सकाळी, निघायच्या गडबडीत, जमादाराच्या पंजात बाभळीचा काटा मोडला होता. तो काढताना त्यानं कळवळून तोंड फिरवलं आणि तिच्या तळहाताला दात लागला. रक्त आलं, थोडंच. तिनं हळद लावली आणि विसरली. रांगेत मात्र आठवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “इंजेक्शनचा कोर्स पूर्ण घ्यायचा, एकही चुकवायचं नाही. आणि कुत्र्याला मारू नका. बांधून ठेवा, चावला त्या दिवसापासून दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर समजायचं, तुम्हाला त्याच्यापासून काही नाही. लस दिली होती का त्याला?”

सुमनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. उन्हाळ्यात लस टोचणारे गावात आले होते, फुकट. लिंबाजीनं कुत्रं नेलं नव्हतं. सुई घेऊन ताप आला तर दोन रोज राखण बुडंल, असा त्याचा हिशेब.

“न्हाई,” लिंबाजी म्हणाला. एवढं खरं तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता.

जमादाराला अंगणातल्या लिंबाच्या झाडाला साखळी लावून बांधलं. गावानं तोवर निकाल देऊन टाकला होता: म्हशीला चावला तो जमादारच. नाही तर तो भुजंगच्या रानाकडंच का धावायचा? आता तो तिकडं का धावायचा हे एकट्या लिंबाजीला ठाऊक होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरनं समजावून पाहिलं, म्हैस पिसाळायला चावल्यापासून महिना जातो, आणि चावणारं जनावर तोवर कधीच मरतं. हे कुत्रं जिवंत आहे, म्हणजे चावणारं हे नव्हे. हे बोलणं सगळ्यांनी मान हलवून ऐकलं आणि दारात पायरीवरच ठेवून दिलं.

भुजंग काठी घेऊन आला. मोठं दुभतं जनावर गेलेलं, चेहरा उतरलेला. “नाना, सोडा त्याला माझ्याकडं.”

“दहा दिवस थांब, भुजंगा. डॉक्टरनं सांगितलंय.”

“माझ्या म्हशीला कुणी दहा दिवस दिले?”

जमादार मात्र भुजंगकडं बघून शेपूट हलवत होता. ओळखीचा माणूस, रोज धुऱ्यावर दिसणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात होती तेवढी पाचही मोकाट कुत्री मेलेली सापडली. दोन पिठाच्या गिरणीपाशी, एक शाळेच्या भिंतीला, एक पाण्याच्या टाकीखाली, आणि मारुतीच्या पारावरची म्हातारी कुत्री, जिला सगळं गाव मावशी म्हणायचं. बुंदीचे लाडू कुणीतरी ठिकठिकाणी टाकले होते. डुकरांसाठी घरोघर ठेवलेलं औषध त्यात कालवून. कुणी टाकले? ठराव न मांडता सगळ्यांचं एकमत होतं, तेव्हा नाव कुणाचं घ्यायचं? पाचही कुत्री गावाबाहेरच्या ओढ्यात नेऊन टाकली.

एक लाडू लिंबाजीच्या भिंतीवरून आत पडला होता. जमादाराच्या पुढ्यातच, पंजापासून वीतभर. त्याच्याभोवती मेलेल्या मुंग्यांचं रिंगण होतं. जमादार लाडूकडं न बघता दाराकडं बघत बसला होता, मालक कधी उठतो म्हणून. लिंबाजीनं लाडू कागदात गुंडाळून वळचणीला खोचून ठेवला. फेकून का दिला नाही, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. वस्तू फेकायची त्याला सवय नव्हती.

मग खरी ओढाताण सुरू झाली. कापूस फुटून बोंडातून लोंबत होता आणि वेचायला बाई येईना. बायांची टोळी सुलाबाईच्या हातात. ती दारापासून दहा हात लांब उभी राहून म्हणाली, “लिंबाजीभाऊ, त्या कुत्र्याचं आधी काय ते करा. माझ्या बाया लेकराबाळाच्या हायत. ते कुत्रं मेल्याबिगर एकीचंबी पाऊल तुमच्या रानात पडणार न्हाई.”

“बांधलंय की वो बाई त्याला.”

“बांधलंय तर काय झालं? रानात वाऱ्यानं येत न्हाई व्हय रोग? येतच असंल. मारून टाका अन् मोकळे व्हा.”

गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. सुमनबाई पाण्याला गेली की टाकीवरच्या बाया घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. आणि टीव्हीवर सांगत होते, आठवडाअखेर मराठवाड्यात अवकाळी.

सातव्या दिवशी सुमनबाईची तिसरी सुई होती. ती एकटीच जीपनं जिंतूरला गेली. जाताना म्हणाली, “त्याला पाणी ठिवा. पेतो का न्हाई ते नीट बघा.” दहा दिवसांचे तीन राहिले होते. रोज सकाळी उठून ती आधी अंगणात जायची, जमादाराला पाणी पिताना बघायची आणि मगच स्वतःच्या तोंडात चूळ घ्यायची. लिंबाजीला ते दिसत होतं.

ती गेल्यावर तो बाजेवर बसून जुळणी करायला लागला. सुया तर चालूच आहेत. सुया घेतल्यावर कुत्रं जगलं काय, मेलं काय? उद्या कुत्रं नाही, तर परवा बाया रानात. पाऊस यायच्या आत निम्मा कापूस घरात. एका बाजूला चार एकरांचा कापूस, दुसऱ्या बाजूला एक कुत्रं आणि बायकोच्या मनाची समजूत. समजूत काय, घालता येते.

भर दुपार होती. त्यानं वळचणीतून कागद काढला आणि काडीनं लाडू जमादाराच्या पुढ्यात सरकवला.

जमादार उठून बसला. सात दिवस बांधलेलं जनावर. साखळीनं मानेचे केस गेलेले. गावानं दगड मारलेले, एक पाय जरा उचलूनच धरलेला. पण लाडू समोर आल्याबरोबर त्यानं काय केलं? लाडवाकडं पाहिलंच नाही. मान वर केली, लिंबाजीच्या तोंडाकडं डोळे लावले आणि शेपूट आपटायला सुरुवात केली. धप, धप, धप. धूळ उडत होती.

आता एक अक्षर म्हणायचं होतं.

लिंबाजीनं तोंड उघडलं. जमादाराचे कान पुढं आले. लिंबाजीनं तोंड मिटलं. कान खाली गेले, पण डोळे हलले नाहीत. असं तीनदा झालं. आयुष्यात लिंबाजीनं पुष्कळ लोकांना पुष्कळ फसवलं होतं. पण ते सगळे सावध होते, त्यांचीही एक नजर लिंबाजीच्या हातावर असायची. फसवण्यात बरोबरी होती. इथं पुढचा बघत होता तो फक्त तोंडाकडं, आणि त्याला त्या तोंडातून येणारं सगळंच खरं वाटत होतं. असं आपल्याला आजवर कुणी समजलं होतं का? लिंबाजी आठवायला लागला आणि त्याला आठवलं, एक बाई आहे. ती आत्ता एकटी जिंतूरच्या दवाखान्यात दंड उघडा करून बसली असंल. आणि तिचे तीन दिवस आपण कापसाला विकायला काढलेत.

सुमनबाई आली तेव्हा लाडू तिथंच होता. कुत्रं बसलेलं, आणि नवरा त्याच्यापुढं जमिनीवर बसलेला, डोक्यावर ऊन. तिनं लाडू पाहिला. मुंग्या पाहिल्या.

“म्हणलात का खा?”

“न्हाई.”

“का?”

“अक्षरच फुटंना, सुमन.”

तिनं फावड्यावर तो लाडू उचलला, उकिरड्यामागं खड्डा करून पुरला, हात राखेनं धुतले, आणि म्हणाली, “सात दिवस मी त्येच्याकडं बघायले. तुमच्याकडं बघाय पायजे हुतं.”

संध्याकाळी तिनं भाकर वाढली. लिंबाजीचा घास हातातच राहिला. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

“काय? मीठ कमी हाय?”

“न्हाई. चांगलं झालंय.”

सुमनबाईच्या हातातला तांब्या खाली आला. तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं, घाबरून उठली आणि पेला भरून त्याच्या पुढं धरला. “हे पाणी पेऊन दाखवा आधी.”

लिंबाजी मुकाट पाणी प्याला. त्या घरात आठवडाभरात पहिल्यांदा कुणी हसलं, आणि तेही अर्धंच.

आठव्या दिवशी पाऊस आला. बोंडातला कापूस भिजून काळा पडला.

दहावा दिवस म्हणजे चंपाषष्ठी. गावात खंडोबाची घरं पुष्कळ. पावसाळ्यापासून वांगं वर्ज्य केलेलं. त्या दिवशी भरीत, निखाऱ्यावर भाजलेला जाड रोडगा, पातीचा कांदा, असा नैवेद्य. पण रीत अशी की कुत्रं खंडोबाच्या सोबतचं, म्हणून घास आधी कुत्र्याला. त्यानं खाल्लं की देवाला पोचलं. मगच घरच्यांनी पानावर बसायचं. सकाळपासून घराघरात वांगी भाजल्याचा वास सुटला. आणि दुपारी लोक रोडगा हातात घेऊन दारात उभे राहिले आणि यू यू करून हाका मारायला लागले.

एक कुत्रं येईना. येणार कुठून?

एकानं शेजारच्या गावी मोटारसायकल पिटाळली. तिथली कुत्री धरून आणू द्यायला तिथले लोक तयार होईनात. म्हणाले, तुमच्या गावात कुत्र्यांचं काय करता ते आमच्या कानावर हाय. पोरं भुकेनं रडायला लागली. आणि मग, जे गाव दहा दिवस दहा हात लांबून जात होतं, ते एकेक करून लिंबाजीच्या दारात यायला लागलं. पदराखाली, टोपलीत, केळीच्या पानात रोडगा. दवाखान्यात लागली होती तशीच रांग.

पहिली सुलाबाई. “लिंबाजीभाऊ, हाय का जमादारबाबा बरा?”

“परवापत्तर कुत्रं हुतं. आज बाबा झालं व्हय?”

“सणासुदीला काय बी बोलू नगा. माझी नातवंडं उपाशी हायत.”

तिनं रोडगा आणि भरीत जमादारापुढं ठेवलं. जमादारानं शेपूट हलवली, सुलाबाईकडं पाहिलं, आणि मग मान वळवून लिंबाजीच्या तोंडाकडं बघत बसला.

“खाईना की!” सुलाबाई घाबरली. मागं रांगेत कुजबुज झाली.

“मी म्हणल्याशिवाय खात न्हाई त्यो,” लिंबाजी म्हणाला.

लिंबाजीच्या जन्मात असा बाजार पुन्हा भरणार नव्हता. सगळ्या गावाचा देव त्याच्या एका अक्षरावर अडलेला. दुसऱ्या वेचणीचा कापूस अजून रानात होता, आणि बायांची मुकादमीण समोर हात जोडून उभी. सुमनबाई दारात उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिला वाटलं, आता बोलणार हा.

“खा,” लिंबाजी म्हणाला.

जमादारानं सुलाबाईच्या रोडग्याचा तुकडा उचलला. मग दुसरीचा, तिसऱ्याचा. प्रत्येकाला एकेक ‘खा’, अट न घालता. ज्यानं दगड मारला होता त्याच्याही नैवेद्याला. लोक पाया पडून घरी जायला लागले.

शेवटी भुजंग आला. पानात रोडगा, मान खाली. त्यानं पान ठेवलं. जमादारानं लिंबाजीकडं पाहिलं.

लिंबाजीला लाडू आठवला. भिंतीवरून पडलेला, आणि भुजंगच्या घरची भिंत त्याच बाजूला. त्याला वाटलं, तुकडा मोडून आधी आपण खावा. पण रीत तशी नव्हती. माणसानं उष्टावलेला नैवेद्य देवाला चालत नाही.

“भुजंगा,” तो म्हणाला, “ह्यात काय हाय?”

“पीठ हाय, नाना.” भुजंगनं पानाची दुमडलेली कड सरळ केली. “त्या दिशी लाडू मीच टाकला. ह्यात फकस्त पीठ हाय. माझी पोरगी दुपारपसून देवापुढं बसलीय.”

भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं असतं, हे लिंबाजीला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारा समोर बसून शेपूट आपटत होता.

“डुकरं तुझ्या रानात मीच घालीत हुतो,” लिंबाजी म्हणाला. “ह्या कुत्र्याकडून.” आणि मग जमादाराकडं बघून, “खा.”

जमादारानं खाल्लं. भुजंग घरी जायला उठला नाही. दोघं पायरीवर बसून कुत्र्याच्या पोटाकडं बघत राहिले. वर होतंय, खाली होतंय. घटका गेली. जमादार उठला, जांभई दिली, साखळी ओढत पुढं आला आणि हनुवटी भुजंगच्या पावलावर टेकवून पडला. भुजंगनं पाय मागं घेतला नाही. तो खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

त्या दिवशी सुमनबाईनं पाच रोडगे जास्तीचे केले होते. सांगितलं लिंबाजीनं. दिवस मावळायच्या आत दोघं ओढ्यावर गेले. तिथं पावसानं बरंचसं वाहून नेलं होतं. पाच ठिकाणी पाच रोडगे ठेवले, आणि लिंबाजी उभा राहिला. खा म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं. पण म्हणवेना.

शेवटी काढायची बेरीज अशी. सुमनबाईला काही झालं नाही. तिनं उरलेल्या सुयाही घेतल्या. मठ्ठा प्यालेल्या गावालाही काही झालं नाही, तीन वाट्यावाल्या म्हाताऱ्यालाही नाही. म्हैस भुजंगची गेली. पहिल्या वेचणीचा कापूस लिंबाजीचा गेला. म्हशीला चावलं होतं ते बहुधा माळावरचं कोल्हं, आणि ते केव्हाच कुठंतरी मरून पडलं असणार. भीती सगळ्या गावाची होती. ती फेडली पाच कुत्र्यांनी, ज्यांना थांबायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि गावाच्या हातून जे पडेल ते आपल्यासाठीच पडलं, असं ज्यांना शेवटच्या घासापर्यंत वाटत होतं.